नोंद, नाव आणि फाइल : संगीताची सूची करणाऱ्यांसाठी

'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी श्रीकरणाधिप होता. राज्याचा हिशेब आणि दफ्तर त्याच्याकडे असे. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आजच्या मराठवाड्यात बसून, दफ्तर सांभाळणाऱ्या या माणसाने सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे उत्तरेतल्या व दक्षिणेतल्या दोन्ही संगीतपरंपरांनी त्याला प्रमाण मानले. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये, नर्तन असा सगळा पसारा मांडण्याआधी शार्ङ्गदेव पूर्वसूरींची नावे ओळीने सांगतो. भरत, कश्यप, मतंग, याष्टिक यांची नावे येतात, राजांपैकी नान्यदेव, भोज, सोमेश्वर येतात आणि मग भरताचे टीकाकार : लोल्लट, उद्भट, शंकुक, अभिनवगुप्त, कीर्तिधर. यातल्या कित्येकांचे ग्रंथ आज हाती नाहीत. लोल्लटाची टीका गेली, शंकुकाची गेली, कीर्तिधराची गेली. ते होते, त्यांनी संगीतावर लिहिले होते, हे आपल्याला कळते त्यात अशा याद्यांचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यातल्या संगीत-अभ्यासाची पहिली संदर्भसूची म्हणून मी या श्लोकांकडे पाहतो.

हातातल्या पुस्तिकेचा विषय तोच आहे, फक्त साधन बदलले आहे. संगीताच्या संग्रहाची संदर्भसूची साध्या टेक्स्ट फाइलीत कशी लिहावी, नोंदीत काय काय असावे आणि त्या फाइलींना नावे कशी द्यावीत, एवढेच यात सांगितले आहे. ती लिहिताना डोळ्यांसमोर होता अर्धापूरसारख्या गावातला अभ्यासक : शाळेतला शिक्षक, भजनी मंडळाचा पेटीवाला, एम.ए. करणारी मुलगी, सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. त्याच्याकडे जुना संगणक असेल किंवा नुसता फोन असेल. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण नसेल. पण त्याच्या आसपास जे आहे ते पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ग्रंथालयात नाही. हाताने उतरवलेल्या भजनांच्या वह्या आहेत, कीर्तनकारांची टिपणे आहेत, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी केलेल्या रागांच्या वह्या आहेत, हैदराबाद संस्थानाच्या काळातली छापील पुस्तके आहेत, गोंधळाच्या आणि कव्वालीच्या कॅसेटी आहेत, माळेगावच्या यात्रेतल्या लावणीची चित्रणे आहेत. घराची डागडुजी निघाली की यातले पहिल्यांदा काय बाहेर जाते, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. ज्याची नोंद झाली ते निदान शोधता येते. ज्याची झाली नाही ते हरवले तरी कुणाला कळत नाही.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत हे काम एका माणसाने जिद्दीने करून दाखवले आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. आजही एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पुस्तकाचा माग काढायचा म्हटले की आधी दात्यांची सूची उघडतात. पण दात्यांपुढे छापील पुस्तके होती. पुस्तकाला मुखपृष्ठ असते, त्यावर लेखक, प्रकाशक, सन असतो. संगीताच्या संग्रहात असे सरळ काही हाती लागत नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

आधी साधनाविषयी. नोटपॅडमध्ये उघडते ती टेक्स्ट फाइल. तिच्यात अक्षरे असतात आणि ओळी असतात, बाकी काही नसते. ठळक अक्षर नाही, रंग नाही, तक्ता नाही. अनेकांना ही उणीव वाटते. सूचीसाठी हाच तिचा गुण आहे, कारण ती उघडायला कुठल्याही एका कंपनीचे सॉफ्टवेअर लागत नाही. ओरेन पॅटॅश्निक यांनी १९८५ मध्ये संदर्भसूचीसाठी बिबटेक ही पद्धत तयार केली. तिच्या फाइली साध्या टेक्स्टच्या असतात, म्हणून त्या काळातली सूची आजच्या संगणकावरही वाचता येते. त्याच सुमाराला इतर कितीतरी प्रोग्रॅममध्ये केलेल्या याद्या आता उघडत नाहीत. मराठीत तर हा अनुभव फार जवळचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडचे डीटीपी श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा फाँटांवर चालत असे. पडद्यावर 'क' दिसत असे, पण फाइलीत आत एखादे रोमन अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेले असे. फाँट गेला की मजकूर वाचता येईनासा होई. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या स्मरणिका, संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, गौरवग्रंथ अशा फाइलींमध्ये अडकून पडले आहेत. म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम : मजकूर युनिकोडमध्ये लिहायचा आणि फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडायचा.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दोन अक्षरे डोळ्यांना सारखी दिसतात आणि संगणकाला वेगळी वाटतात, हा प्रकार मराठीत बराच आहे. 'वारकऱ्यांची भजने' यातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र नंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. 'ॲकॅडमी' या शब्दाचे पहिले अक्षर २००८ पर्यंत युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे नव्हतेच. तोवर लोक अ वर चंद्र चढवत किंवा ऍ वापरत, आणि अजूनही काही कीबोर्ड तसेच करतात. परिणाम असा की सूचीत एकाच संस्थेच्या तीस नोंदी असतात आणि शोधल्यावर अकरा सापडतात. शोधणारा समजतो की एवढ्याच आहेत. चुकीची नोंद निदान डोळ्यांना दिसते. न सापडणारी नोंद असूनही नसल्यासारखी होते, आणि म्हणून मला हा दोष सर्वांत घातक वाटतो. अशा जोड्यांचे एक कोष्टक शेवटच्या प्रकरणात दिले आहे. लेखन संपल्यावर त्याप्रमाणे फाइल एकदा सारखी करून घ्यावी.

आता नोंदीकडे वळतो. एक ओळ, एक बाब. ओळीच्या आरंभी बाबीचे नाव, मग विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह, मग मजकूर. एक नोंद संपली की एक ओळ मोकळी. उदाहरणार्थ :

खूण: शार्ङ्गदेव-१८९६
कर्ता: शार्ङ्गदेव
टीका: कल्लिनाथ, कलानिधि
संपादक: तेलंग, मंगेश रामकृष्ण
शीर्षक: संगीतरत्नाकर
प्रकाशक: आनंदाश्रम, पुणे
वर्ष: १८९६
रचनाकाळ: तेरावे शतक, पूर्वार्ध
भाषा: संस्कृत

एवढ्या लहान नोंदीतही तीन शतके आहेत. शार्ङ्गदेव तेराव्यातला, कल्लिनाथ पंधराव्यातला, तेलंगांचे संपादन एकोणिसाव्यातले. नुसते 'वर्ष' लिहून थांबले तर यादी वर्षवार लावल्यावर शार्ङ्गदेव भातखंड्यांचा समकालीन होऊन बसतो. म्हणून प्रकाशनाचे वर्ष आणि रचनेचा काळ या दोन वेगळ्या ओळी ठेवल्या आहेत, आणि कुठलीही एक माहीत नसेल तर ती ओळ गाळायची, अंदाजाने भरायची नाही.

कर्त्याच्या ओळीवर या पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने खर्च झाली आहेत. त्याचे कारण अर्धापूरच्या दोन्ही बाजूंना आहे. आमचा रस्ता एका टोकाला नांदेडला जातो आणि दुसऱ्या टोकाला हिंगोलीला. हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे गाव. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा दुसरा कवी झाला, त्याच्याही रचनांत 'नामा' हीच मुद्रा. गाथा उतरवणाऱ्यांनी दोघांची अभंगपदे एकत्र केली आणि ती वेगळी काढताना अभ्यासकांच्या पिढ्या झटल्या. भजनाच्या वहीत हा गुंता आणखी वाढतो. अभंगाच्या शेवटी जो 'म्हणे' आहे त्याच्यावरून वहीचा मालक मथळ्याला संताचे नाव घालतो. ती मुद्रा खरी कुणाची, हे ठरवणे सूचीकाराचे काम नाही. त्याचे काम एवढेच की मुद्रा एका ओळीत लिहायची, वहीत दिलेला कर्ता दुसऱ्या ओळीत लिहायचा आणि पाठभेद तपासून कुणी विद्वानाने कर्ता ठरवला असेल तर तो तिसऱ्या ओळीत, त्या विद्वानाच्या नावासह. तिन्ही ओळी वेगळ्या राहिल्या तर उद्या मत बदलले तरी नोंद खोटी पडत नाही.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबमधल्या ग्रंथात, हाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी किती नेटका सोडवला आहे ते पाहण्यासारखे आहे. गुरू ग्रंथसाहिबात ज्या गुरूंची पदे आहेत ते सगळे आपल्या रचनेत 'नानक' हीच मुद्रा घालतात. पहिल्या गुरूंचे पद कोणते आणि पाचव्यांचे कोणते, हे मुद्रेवरून कळणे शक्य नाही. म्हणून १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध करताना प्रत्येक पदाच्या मथळ्यावर 'महला' आणि त्यापुढे आकडा घातला. महला १ म्हणजे गुरू नानकदेव, महला ५ म्हणजे स्वतः गुरू अर्जनदेव. नाव एकच राहिले आणि ओळख आकड्याने दिली. आजच्या सूचीशास्त्रात सारख्या नावाचे लेखक वेगळे करायला हेच करतात. या पुस्तिकेत 'नामदेव-१', 'नामा-विष्णुदास-१' अशा खुणा सुचवल्या आहेत त्यांचे मूळ माझ्यापुरते तरी त्या मथळ्यांत आहे.

त्या ग्रंथाची मांडणीही विषयवार किंवा कालक्रमे नाही. ती रागवार आहे. एकतीस मुख्य राग, प्रत्येक रागात आधी गुरूंची पदे महल्याच्या क्रमाने, मग भक्तांची. नामदेवांची एकसष्ट पदे त्यात आहेत आणि ती आसा, धनासरी, टोडी, मलार, भैरव, गोंड अशा रागांखाली विभागलेली आहेत. एकाच कवीची रचना मराठी गाथेत आशयाच्या प्रकरणांखाली सापडते आणि नांदेडला रागाखाली सापडते. दोन्ही संग्रह आपापल्या जागी बरोबर आहेत. पण सूची करताना रागाला स्वतंत्र ओळ दिली नाही तर यातली एक वाट कायमची बंद होते. आणखी एक गोष्ट या ग्रंथाकडून शिकावी. त्याची आजची छापील प्रमाण प्रत १४३० अंगांची असते, आणि कुठेही छापली तरी तीच ओळ त्याच अंगावर येते. अंगाचा आकडा सांगितला की अमृतसरचा आणि नांदेडचा माणूस एकाच ठिकाणी पोचतो. आपल्या गाथांच्या, पोथ्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक बदलतात. म्हणून अभंगाचा क्रमांक लिहिताना आवृत्ती लिहिल्याशिवाय ती नोंद पूर्ण समजू नये.

एका माणसाची अनेक नावे, हा उलटा प्रकार. त्याचे ठळक उदाहरण विष्णू नारायण भातखंडे. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ चतुरपंडित या नावाने आला. १९१० पासून १९३२ पर्यंत चार भागांत निघालेल्या 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' या मराठी ग्रंथात विष्णुशर्मा हे नाव येते, आणि त्यात चतुरपंडिताचा उल्लेख दुसऱ्याच कुणाचा असावा तसा होतो. 'क्रमिक पुस्तक मालिका' मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रसिद्ध आहे. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने मराठी ग्रंथाचा हिंदी अनुवाद काढला तो 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावाने. म्हणजे ग्रंथाचेही नाव बदलले. परीक्षेला बसणारी आमच्याकडची मुले बहुधा हेच हिंदी पुस्तक वाचतात आणि मूळ ग्रंथ मराठी आहे हे अनेकांना ठाऊक नसते. याची मला फार खंत वाटते. सूचीत छापील नाव जसेच्या तसे एका ओळीत आणि प्रमाण नाव दुसऱ्या ओळीत ठेवले, अनुवादाच्या नोंदीत मूळ ग्रंथाची खूण दिली, तर निदान सूची वाचणाऱ्याला तरी हे नाते दिसेल. जुन्या पुस्तकांचे शुद्धलेखनही तसेच ठेवावे. १९६२ च्या नियमांपूर्वीचे 'पद्धति' ऱ्हस्वच लिहावे आणि आजचे 'पद्धती' शोधासाठी वेगळ्या ओळीत द्यावे. मुखपृष्ठ सुधारण्याचा अधिकार सूचीकाराला नाही.

हैदराबादचे नाव निघाले की मराठवाड्याच्या संगीत-सूचीत काशीनाथशास्त्री अप्पातुलसी यांना वगळता येत नाही. निजामाच्या राजधानीत राहून या विद्वानाने भातखंड्यांची रागव्यवस्था संस्कृत पद्यांत मांडली. त्यांच्या एका ग्रंथाचे नाव 'रागकल्पद्रुमांकुर'. त्याआधी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात कृष्णानंद व्यासांनी हजारो गीतांचा जो संग्रह छापला त्याचे नाव 'रागकल्पद्रुम'. एक वृक्ष, दुसरा त्याचा अंकुर. फाइलीचे नाव आखूड करायच्या नादात शीर्षक मध्येच तोडले तर हे दोन ग्रंथ एकमेकांत मिसळतात. म्हणून फाइलीच्या नावात शीर्षकाचा तुकडा न घेता कर्ता आणि वर्ष घ्यावे, असे मी सुचवले आहे.

वर्षांचा प्रश्न मराठवाड्यात इतर महाराष्ट्रापेक्षा अवघड आहे. मराठी पुस्तकांवर शके असतो, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, आणि पौष मध्यापासून पुढचा मजकूर असेल तर एकोणऐंशी मिळवावे लागतात. हिंदी पुस्तकांवर विक्रम संवत असते. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनात चाले. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. साधारण ५९० मिळवायचे, पण वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्याने महिना माहीत नसेल तर दोन इसवी सने लिहावी लागतात. जलशाची परवानगी, संस्थानातल्या शाळेची कागदपत्रे, एखाद्या गायकाला मिळालेली सनद, हे सगळे फसलीत आणि बहुतेक उर्दूत असते. अशा कागदावरचा मूळ सन आधी लिहावा, त्याचे नाव लिहावे, मग इसवी सन. एखाद्याने घाईत फक्त हिशेब करून काढलेले वर्ष लिहिले आणि हिशेब चुकला, तर चूक कुठे झाली हे पुढच्याला कधीच शोधता येत नाही. उर्दू शीर्षक शक्य असेल तर उर्दू लिपीतही द्यावे. युनिकोडच्या फाइलीत दोन्ही लिप्या शेजारी शेजारी राहतात, फक्त एका ओळीत एकच लिपी ठेवावी, नाहीतर उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर पडद्यावर उलटसुलट दिसतो.

फाइलींच्या नावांबद्दल मात्र मी एक निर्णय घेतला आहे आणि तो अनेक मराठीप्रेमी वाचकांना आवडणार नाही. आतला सगळा मजकूर देवनागरीत, पण फाइलीचे नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. फोनवर आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून पंच्याऐंशी चिन्हांत नाव संपवावे लागते. झिप करून पाठवलेल्या फाइलींची देवनागरी नावे दुसऱ्या टोकाला अनेकदा चौकोन होऊन उघडतात. तालुक्याच्या ठिकाणी जी यंत्रे वापरात आहेत ती पाहता हा धोका पत्करण्यासारखा नाही. चांगली यंत्रे सर्वत्र आली की हा नियम बदलावा.

नावाची रचना सरळ आहे. आधी प्रकार, मग कर्ता किंवा गाव, मग वर्ष, मग क्रमांक, आणि मध्ये जोडरेघ. मोकळी जागा नको, कारण काही प्रोग्रॅम तिथे नाव तोडतात. तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारा ही चिन्हे विंडोज नावात घेतच नाही. क्रमांक ०१, ०२ असे शून्य लावून, कारण तसे न केल्यास यादीत १ नंतर २ न येता १० येतो. तारीख घालायची तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे नावावरून लावलेली यादी आपोआप तारखेवार लागते. 'vahi-ardhapur-1972-03' असे नाव वाचल्यावर फाइल न उघडताही आत काय आहे ते कळते. 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'शेवटची दुरुस्त' ही नावे कुठल्याही संग्रहात नकोत. रोमन स्पेलिंगही कर्त्याचे एकच ठरवावे. शार्ङ्गदेवाचे नाव इंग्रजी पुस्तकांत इतक्या प्रकारांनी लिहिलेले आढळते की तीन जणांनी तीन स्पेलिंगे वापरली तर तीन शार्ङ्गदेव तयार होतील. त्यासाठी संग्रहाच्या मुख्य फोल्डरमध्ये नावांची एक वेगळी फाइल असावी, आणि नवे नाव आले की आधी ते तिथे लिहून मग नोंदीत वापरावे.

स्वरलेखनाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. सूचीत बंदिशीचा मुखडा किंवा आरोह-अवरोह लिहिला तर सारख्या नावाच्या रागांतला फरक लगेच कळतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. टेक्स्ट फाइलीत अधोरेखन नसते, म्हणून बरेच जण 'कोमल रे' असे शब्दांत लिहितात किंवा स्वरांच्या जागी इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वापरतात. त्याची गरज नाही. वेदमंत्रांच्या स्वरांसाठी युनिकोडमध्ये असलेली दोन चिन्हे इथे नेमकी उपयोगी पडतात : रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑. ती अक्षराला चिकटून राहतात, कॉपी केल्यावर गळत नाहीत आणि बहुतेक मराठी फाँटांत दिसतात. पलुस्कर पद्धतीच्या वह्यांची चिन्हे वेगळी असतात. अशी वही आली तर मूळ कोणत्या पद्धतीची आहे ते एका ओळीत लिहून मग स्वर या चिन्हांत उतरवावेत.

कर्ता नसलेल्या गाण्यांचे काय करायचे, याचे उत्तर मला ओव्यांच्या संग्रहात मिळाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकावरच्या मांडणीची बाजू सांभाळली. आमच्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी' या संग्रहाने ते काम लोकांपुढे आणले. ओवी कुणी रचली, हे कुणालाच सांगता येत नाही. पण ती कुणी गायली, कोणत्या गावात, कोणत्या तालुक्यात, हे नोंदवता येते आणि तिथे ते नोंदवले आहे. या पुस्तिकेत म्हणूनच लोकगीताच्या नोंदीत कर्त्याची ओळच नाही. गायिका, गाव, तालुका, नोंदीची तारीख आणि नोंद करणारा, एवढ्या ओळी आहेत. 'अज्ञात' असे लिहायला मी मनाई केली आहे. गाणे जिच्या तोंडून आले ती बाई समोर बसलेली असताना कागदावर 'अज्ञात' लिहिणे मला मान्य नाही. तिचे नाव तिच्या संमतीनेच घालावे. ती नको म्हणाली तर गाव लिहून थांबावे. फोन नंबर आणि घरचा पत्ता सूचीच्या फाइलीत कधीच नसावा, तो नोंद करणाऱ्याच्या वेगळ्या वहीत राहावा.

संगीताचा मजकूर कागदावरच असतो असेही नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली आहे, आणि त्याच दासोपंतांनी पदेही रचली. कॅसेटीची पेटी, ग्रामोफोनच्या तव्याच्या मधल्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, पेटीच्या भात्यावर कुणी खडूने लिहून ठेवलेली पट्टी, हे सगळे पुरावेच आहेत. यासाठी 'माध्यम' ही ओळ प्रत्येक नोंदीत सक्तीची केली आहे. ध्वनिमुद्रणांची तपशीलवार सूची मात्र या पुस्तिकेत घेतलेली नाही. तव्यांचे आणि कॅसेटींचे शास्त्र वेगळे आहे, वेळ मोजणे, दोन्ही बाजू, कंपनीचे क्रमांक अशा बाबी त्यात येतात, आणि घाईने उरकलेले एक प्रकरण त्याला पुरणार नाही.

दुरुस्त्यांबद्दल एक विनंती आहे. नोंद चुकली असे आढळले तर जुनी ओळ पुसू नये. तिच्याखाली 'दुरुस्ती' अशी ओळ घालावी, तारीख लिहावी, नाव लिहावे आणि कशावरून दुरुस्त केले ते लिहावे. फाइलीच्या तीन प्रती ठेवाव्यात : एक गावात, एक नांदेडला किंवा लातूरला कुणा विश्वासू माणसाकडे, एक त्याहून दूर. तिन्हींत नाव तेच असावे, आणि ज्या प्रतीत शेवटची दुरुस्तीची तारीख सर्वांत नवी ती खरी धरावी. पुस्तिकेतल्या सगळ्या नमुना नोंदी याच पद्धतीने लिहिल्या आहेत. त्यांत कुणाला चूक दिसली, विशेषतः फसली सनांच्या किंवा उर्दू शीर्षकांच्या बाबतीत, तर त्यांनी ती अशाच ओळीच्या रूपात कळवावी. पुढच्या आवृत्तीत ती कळवणाऱ्याच्या नावासह जशीच्या तशी छापली जाईल.